बॅक सील बदलूनही ऑइल गळतंय? गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गाडी दहा चाकी, २०१८ ची, बीएस-४, साधारण सव्वाचार लाख किलोमीटर चाललेली. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून प्लेटा आणि कॉइल भरून चाकणला जाते, येताना मिळेल तो माल. रात्री उभी केली की सकाळी क्लच हाउसिंगच्या खाली तळहाताएवढा काळा डाग असतो आणि आठवड्याला दीड-दोन लिटर ऑइल घालावं लागतं. एका मिस्त्रींनी बॅक सील, म्हणजे इंजिनच्या क्रँकच्या मागच्या टोकाची ऑइल सील, गेली म्हणून गिअरबॉक्स उतरवून ती बदलली. तीन महिन्यांत डाग परत आला. आता तेच म्हणतात पुन्हा सील बदलू, आणि दुसरे म्हणतात पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. कोणाचं ऐकायचं?

दादा, आज तरी दोघांचंही ऐकू नका. कळंबोलीत जड गाड्यांवर हात काळे करण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. एवढ्या काळात बॅक सील म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांची बॅक सील शाबूत निघाली. जिथे ती खरंच गेली होती, तिथेही ती आपणहून गेली नव्हती, तिला आतून कोणीतरी ढकललं होतं. तीन महिन्यांत परत गळती म्हणजे मला याच दोन शक्यता दिसतात.

आधी साधा हिशेब करू. ऑइलचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलीलिटर. मिनिटाला एक थेंब पडला तर तासाला ३ मिलीलिटर, रात्रीच्या आठ तासांत २४. तळहाताएवढा डाग याहून मोठा नसतो. आठवड्याच्या सात रात्री धरल्या तरी पावणेदोनशे मिलीलिटरच्या आत. तुम्ही घालताय दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं गाडी चालताना जातंय. एकतर जळतंय, किंवा दाबाखाली बाहेर फेकलं जातंय आणि रस्त्यावर सांडतंय. म्हणजे सकाळी दिसणारा डाग हा शेवटचा निथळ आहे. त्या डागाच्या बरोबर वर जे आहे त्याच्यावर आळ घेणं हीच इथली नेहमीची चूक.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो. धंद्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका सिमेंटच्या गाडीचा गिअरबॉक्स मी एका महिन्यात दोनदा उतरवला. दोन्ही वेळा नवी सील, दोन्ही वेळा चार दिवसांत ठिपका. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा माझ्या हाताखालचा पोरगा कॅबिन उचलून वायरिंग बघत होता. तो म्हणाला, उस्ताद, ही वायर ओली कशी? ऑइल प्रेशर स्विचच्या आतला पडदा फाटला होता. स्विचच्या पिनेतून ऑइल येऊन वायरीवरून घरंगळत मागे जायचं आणि हाउसिंगच्या कडेवरून थेंब पडायचा. तळहातात मावेल एवढा स्विच बदलला आणि गळती थांबली. दोन वेळची मजुरी मी शेठना परत केली, पण चार दिवस गाडी उभी राहिल्याचं नुकसान कोण भरून देणार?

ऑइल खाली वाहतं हे सगळ्यांना कळतं. ते मागेही जातं, हे विसरायला होतं. समोरून पंख्याची आणि रस्त्याची हवा येते, ती प्रत्येक थेंब मागे ढकलते. त्यामुळे टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण), टर्बोचा पाइप, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर, फिल्टर, कुठूनही निघालं तरी शेवटी ते क्लच हाउसिंगवरच गोळा होतं.

आता कामाला लागू. पहिलं, जे गळतंय ते नेमकं काय आहे ते बघा. रात्री गाडी सपाट जागेवर लावून खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा आणि पुढचं चाक कुठल्या बाजूला आहे ते त्यावर पेनने लिहा. सकाळी बोट लावून बघा. डिझेल गाडीचं इंजिन ऑइल काळंकुट्ट असतं. गिअर ऑइल जाड, पिवळट-तपकिरी आणि त्याला गंधकासारखा उग्र वास, एकदा नाकात बसला की विसरत नाही. पॉवर स्टीअरिंगचं बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. पातळ, रंग न चढलेलं आणि लागेल तिथला पेंट उखडणारं काही असेल तर ते क्लचच्या सिलिंडरचं फ्लुइड. हाउसिंगच्या तळाशी एक छोटं भोक असतं, त्यातून गिअर ऑइल येत असेल तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची आहे, इंजिनचा काही संबंध नाही. तुम्ही काळा डाग म्हणताय, म्हणून इंजिन ऑइल धरून पुढे जातो, पण वास घेऊन खात्री करा. जुन्या चिखलात मिसळलं की सगळंच काळं दिसतं.

दुसरं, इंजिन धुवा. नुसता पाण्याचा फवारा मारून भागत नाही. आधी डिझेल आणि ब्रशने मळ सोडवायचा, मग वॉशिंग. अल्टरनेटर, स्टार्टर, सेन्सरचे सॉकेट आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) प्लास्टिकने बांधून ठेवा आणि जेट त्यांच्यावर धरू नका. नाहीतर गळती राहील बाजूला आणि गाडी स्टार्टच होणार नाही. चांगलं सुकू द्या. मग पंक्चरवाल्याकडून मूठभर फ्रेंच चॉक घ्या, ट्यूबला लावतात तीच पांढरी पावडर, आणि इंजिनच्या मागच्या व दोन्ही बाजूच्या अंगावर फडक्याने भुरभुरवा. पट्ट्याजवळ आणि हवेच्या तोंडाजवळ नको. जिथून ऑइल निघेल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटते आणि रेघेचं वरचं टोक हेच तुमचं उत्तर.

कॅबिन उचलताना लॉक आणि टेकूचा दांडा बसला आहे ना, ते हाताने हलवून बघा. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर नाही, घोडी (लोखंडी स्टँड) लावून. इंजिन चालू असताना डोकावणार असाल तर गळ्यातला गमछा काढून ठेवा. हे लिहायला नको खरं तर, पण गमछ्याचा प्रसंग मी डोळ्यांनी बघितला आहे.

रेघ शोधताना नेहमी वरून खाली या. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पॅकिंग दबून कडक होतं आणि तो कोपरा खालून दिसतच नाही, आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा घालून बघा. टर्बोला ऑइल नेणाऱ्या बारीक पाइपच्या बोल्टखाली तांब्याचे वॉशर असतात, ते दरवेळी नवे लागतात. अडल्या वेळी जुना वॉशर लालबुंद तापवून पाण्यात टाकला की तांबं परत मऊ होतं आणि घरी पोचण्यापुरतं काम भागतं. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावर चढवला, तर ही जोड रिंग कधी ना कधी दगा देते, आणि तेव्हा ठिपका नाही, धारच लागते. प्रेशर स्विच तर सांगितलाच, सॉकेट काढून आत बोट फिरवा. कॉम्प्रेसरच्या बैठकीचं पॅकिंग आणि त्याचा ऑइल पाइपही तपासा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन्ही मिस्त्रींनी ब्रीदर बघितला होता का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

प्रत्येक इंजिनमध्ये रिंगांच्या फटीतून थोडा जळका वायू खाली क्रँकच्या पोटात उतरतो. नव्या इंजिनमध्येही उतरतो, जुन्यात जास्त. तो बाहेर काढायला ब्रीदर असतो. ब्रीदरची जाळी किंवा पाइप चिकटाने भरला की वायूला वाट राहत नाही, पोटात दाब वाढतो आणि तो सगळ्यात कमजोर जागेवर ऑइल ढकलतो. बॅक सील ऑइल अडवायला बनवलेली आहे, दाब अडवायला नाही. आपल्याकडच्या गाड्यांचा ब्रीदर लवकर भरतो याला कारण आहे. मार्केटच्या रांगेत, नो एंट्री सुटायची वाट बघत, न्हावा-शेव्याच्या गेटबाहेर, इंजिन तासन्‌तास आयडलवर चालतं. आयडलवर इंजिन पुरतं तापत नाही, वाफ आणि काजळी ऑइलमध्ये मिसळून लोण्यासारखा चिकट मळ होतो आणि तो ब्रीदरमध्ये जाऊन बसतो. पावसाळ्यात तर आणखीच.

तेव्हा ब्रीदरचा पाइप काढा, आतून फुंकून बघा, कुठे मुडपला आहे का ते बघा, जाळी डिझेलमध्ये धुवा, आणि बदलायचा फिल्टर असेल तर बदलाच. तो कधी बदलला होता हे आठवत नसेल, तर त्याची वेळ कधीच टळून गेली आहे.

आता दाब मोजायचा. बरेच जण ऑइल भरायचं झाकण सैल करून तोंडावर उलटं ठेवतात आणि उडालं तर इंजिन संपलं म्हणतात. त्यावर मी इंजिन खोलणार नाही. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतो ती तीन-चार मीटर घ्या, तिचा यू आकार करून फळीला बांधा, निम्म्यापर्यंत पाणी भरा, एक टोक ऑइलच्या काडीच्या भोकात घट्ट बसवा, दुसरं मोकळं सोडा. नळीची दोन्ही टोकं पाण्यापासून चांगली उंच हवीत, म्हणजे पाणी उलटं इंजिनमध्ये जाणार नाही. इंजिन चालू करा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जो उंचीचा फरक पडेल तो पोटातला दाब. किती चालेल याचा आकडा इंजिनप्रमाणे बदलतो, तो कंपनीच्या पुस्तकात बघावा. पण आपलं काम तुलनेवर भागतं. ब्रीदर साफ करण्याआधी मोजा, साफ केल्यावर मोजा. आयडलवर मोजा, रेस देऊन मोजा. ब्रीदर धुतल्यावर पाणी खाली आलं, तर तुमचा चोर सापडला.

नाही आलं, तरी रिंगांवर लगेच जाऊ नका. आणखी एक चाचणी आहे, आणि ती मला एका जुन्या फिटरने शिकवली. नळी तशीच ठेवून हवेच्या टाक्या रिकाम्या करा आणि इंजिन चालू करा. कॉम्प्रेसर हवा भरत असताना पाण्याची उंची बघा. टाक्या भरल्या की अनलोडर फुस्स करून सुटतो आणि कॉम्प्रेसरवरचा भार जातो. त्या क्षणी पाणी झटकन खाली आलं, तर दाब इंजिनच्या रिंगांचा नाही, कॉम्प्रेसरच्या रिंगांचा आहे. झिजलेला कॉम्प्रेसर आपली हवा इंजिनच्या पोटात भरत राहतो, आणि आपण मात्र इंजिन खोलायचा खर्च काढत बसतो. सोबत टाकीचा ड्रेन उघडून खाली कागद धरा. पाण्याबरोबर काळं ऑइल भसाभसा येत असेल तर कॉम्प्रेसर ऑइलही वर ढकलतोय, म्हणजे तुमच्या दीड-दोन लिटरमधला काही भाग तिकडे जातोय. त्याचीच बहीण म्हणजे टर्बो. त्याची सील झिजली की ऑइल परतीच्या पाइपातून हवा खाली पोटात येते. इंटरकूलरचा पाइप काढून बघा. आत ओलसरपणा चालतो, पण तळाशी ऑइल साचलेलं नको. पण टर्बो बदलायच्या आधी त्याचा परतीचा पाइप तुंबलेला नाही ना आणि एअर फिल्टर चोंदलेला नाही ना, हे बघून घ्या.

दाब कॉम्प्रेसर सुटल्यावरही तसाच राहिला, टर्बो कोरडा आहे, ब्रीदर साफ आहे, चढाला निळसर धूर दिसतो, तर मग दुसरे मिस्त्री बरोबर आहेत. इंजिन खोलण्याची गोष्ट तेव्हा करायची, तीही कॉम्प्रेशन तपासून.

तुमच्याकडे तर तपासायला आयता बोरघाट आहे. धुतलेली, पावडर लावलेली गाडी लोड भरून कळंबोलीतून काढा. खालापूरच्या फूड मॉलच्या पार्किंगमध्ये थांबून पहिल्यांदा बघा. मग घाट चढून तळेगावला उतरल्यावर सुरक्षित जागी पुन्हा बघा. एक्स्प्रेसवेच्या कडेला मध्येच थांबून नाही. खालापूरपर्यंत कोरडी आणि तळेगावला ओली, तर लोडवर वाढणारा दाब हेच कारण. खालापूरलाच ओली असेल तर पॅकिंग, पाइप किंवा स्विचकडे बघा. दोन्हीकडे कोरडी आणि चाकणला रात्रभर उभी राहिल्यावर डाग, तर थंड झाल्यावर निथळणारी जागा आहे, त्यात चेंबरचं (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचं) पॅकिंग आणि ड्रेन नट पहिले.

एक विचारायचं राहिलं. ऑइल कोण घालतं आणि किती? ड्रायव्हर उतारावर उभ्या गाडीत, इंजिन बंद केल्याबरोबर काडी बघतात, कमी दिसलं की लिटरभर ओततात. वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं की क्रँक त्यात आपटतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून बाहेर पडतं. मग परत कमी दिसतं, परत ओततात. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं, मग काडी. आणि न घालताच पातळी वाढत असेल तर गाडी चालवूच नका, आत डिझेल किंवा पाणी उतरतंय.

समजा सगळं तपासून खरोखर बॅक सीलच निघाली, तर गिअरबॉक्स उतरवल्यावर मिस्त्रींच्या शेजारी उभे राहा. क्रँकवर जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नखाने आडवं खरवडा. नख अडकलं तर खाच पडली आहे. त्याच खाचेवर नवी सील बसवली तर ती महिन्या-दोन महिन्यांत गळणार, तुमच्या पहिल्या सीलचं हेही कारण असू शकतं. अशा वेळी क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवतात, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलीमीटर पुढे-मागे बसवतात. दुसरी गोष्ट, काळ्या रबराच्या सीलच्या ओठाला ऑइल लावून बसवायचं असतं. पण टेफ्लॉनच्या ओठाची सील आली असेल, तर ती आणि क्रँक दोन्ही एकदम कोरडे, पुसून स्वच्छ. त्याला सवयीने ऑइल चोपडलं की सील पहिल्या दिवसापासून गळते. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही. सील हातोडीने एका बाजूने ठोकू देऊ नका, सोबतची रिंग वापरून सरळ दाबायची. ऑइल लागलेली क्लच प्लेट धुऊन परत टाकू नका. चढाला ती सरकतेच.

पॅकिंगबद्दल थोडंच. सिलिकॉन जास्त लावलं म्हणजे जास्त पक्कं, हा गैरसमज आहे. आत गेलेला जादा सिलिकॉन सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो, आणि मग गळतीऐवजी बेअरिंगचं काम निघतं. तीन मिलीमीटरची एक अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि पाकिटावर दिलेला वेळ जाईपर्यंत ऑइल भरायचं नाही. चेंबरचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. जास्त आवळले की पत्रा भोकाजवळ वाकतो आणि तिथूनच पुढची गळती सुरू होते. गळती थांबवायच्या बाटल्या मिळतात, त्या रबर फुगवतात. काही दिवस बरं वाटतं, पुढे तेच रबर मऊ पडतं. जाड ऑइल भरून गळती दाबायचा सल्लाही कोणी देईल. गाडीला जे ग्रेड सांगितलं आहे तेच ठेवा.

तोवर गाडी चालवायची का? डाग एवढाच असेल आणि काडी रोज सकाळी बघत असाल, तर चालवा, सोबत त्याच ग्रेडचं पाच लिटर ठेवून. धार लागली, प्रेशरचा लाल दिवा लागला किंवा ऑइल सायलेन्सरच्या पाइपावर पडून धूर येऊ लागला, तर जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे इंजिन बंद. पुढच्या वळणापर्यंत नेऊ, असं करू नका.

आणि इंजिन बघता बघता मागच्या चाकांच्या आतल्या बाजूलाही बॅटरी मारा. ड्रमच्या कडेला ओल दिसली तर ती हब सील आहे, आणि तिला मी इंजिनच्या गळतीपेक्षा वरचा नंबर देतो. ब्रेक लायनरला ऑइल लागलं की ते चाक ब्रेक धरत नाही, गाडी एका बाजूला ओढते, आणि हे कळतं खंडाळ्याहून उतरताना, नाहीतर मुंब्रा बायपासच्या उतारावर. ऑइल प्यायलेले लायनर घासून, जाळून परत लावतात काही जण. ते बदलायचेच, दोन्ही बाजूंचे. सील बदलताना मागच्या अ‍ॅक्सलच्या हौजिंगवरचा छोटा ब्रीदरही मोकळा करा, चिखलाने तो बंद झाला की तिथेही हाच दाबाचा खेळ चालतो.

ब्रीदर धुतल्यावर आणि कॉम्प्रेसरची चाचणी झाल्यावर पाणी किती सेंटीमीटरवर थांबलं ते दोन्ही आकडे आणि खालापूर-तळेगावचे दोन फोटो पाठवा. पुठ्ठाही फेकू नका, रोजच्या डागाला पेनने गोल करून तारीख टाकत जा. आठ दिवसांचा पुठ्ठा समोर असला की गिअरबॉक्स उतरवायचा की नाही ते सांगता येईल.